लवकर उलटलेली पानं

आत्या, पत्रकात मागणी पहिल्याच वाक्यात यायला हवी, असं मी शिकले आहे. तर मागणी अशी : आज रविवारी संध्याकाळच्या कार्यक्रमात माझ्या उजव्या हाताला येऊन बस आणि पान उलट. मान्य होणार नाही हे लिहितानाच माहीत असलेली ही माझी पहिली मागणी. आजवरच्या सगळ्या पत्रकांत भांडायला निदान समोर कोणीतरी असायचं. घरमालक असायचा, वसतिगृहाचं ऑफिस असायचं, नाहीतर तू असायचीस.

मला भीती वाटते. हे सरळ लिहून टाकते, कारण तू गेल्यावर घरी आलेल्या प्रत्येकाने दुःखाबद्दलच विचारलं आणि मीही मान डोलावली. दुःख आहे. ते येतं-जातं, भाजी चिरताना येतं, एस-बानच्या लोकलमध्ये कोणाच्या गळ्यात तुझ्यासारखा राखाडी मफलर दिसला की येतं. भीती मात्र जात नाही. आणि ती मृत्यूची वगैरे मोठी भीती नाही, एका खुर्चीची आहे. घरमालकाच्या वकिलासमोर टेबलावर हात आपटणारी मी, एका घडीच्या खुर्चीला घाबरते आहे.

काका हे वाचणार आहेत. इतकी वर्षं प्रत्येक कार्यक्रमाला येऊनही सेलो आणि कॉन्ट्राबास यांतला फरक त्यांना 'एक गुडघ्यांत, एक उभ्याने' एवढाच माहीत आहे. म्हणून ती खुर्ची कुठे आहे ते आधी सांगते, तू मला सांगितलंस तसंच. मी पुण्याहून शिकायला स्टुटगार्टला आले, तुमच्याकडे राहिले, आणि पहिल्याच आठवड्यात तू जेवणाचं टेबल रिकामं करून त्यावर अख्खा ऑर्केस्ट्रा मांडलास. मिठाची बाटली म्हणजे कंडक्टर. तिच्यासमोर अर्धवर्तुळात सगळी तंतुवाद्यं : डावीकडे मोठे चमचे, ते पहिले व्हायोलिन. त्यांना लागून दुसरे व्हायोलिन. मध्ये काटे, म्हणजे सेलो, आणि त्यांच्या मागे दोन डाव, ते बास. त्यांच्याही मागे पाण्याचे पेले, म्हणजे लाकडी सुषिर वाद्यं, पुढे बासरी नि ओबो, मागे क्लॅरिनेट नि बासून. मग कपांचे हॉर्न. उजव्या कोपऱ्यात मागे कुकर, ते ट्रॉम्बोन. आणि अगदी भिंतीशी पालथा तवा, तो नगारा.

"मऊ आवाजाचे पुढे आणि पुष्कळ, दणदणीत आवाजाचे मागे आणि थोडे," तू म्हणालीस. "शाळेच्या फोटोत उंच मुलं मागे उभी करतात ना, तसं."

काका दारात उभे राहून म्हणाले होते की आज जेवण आहे का नुसती भांडीच आहेत. तू म्हणालीस, "अहो, थांबा हो, बासून लागायचाय अजून."

मी विचारलं, आपण कुठे? तू उजव्या कडेला चहाचे चमचे मांडलेस, व्हियोलांचे, म्हणजे व्हायोलिनच्या जरा मोठ्या नि खालच्या सुराच्या बहिणींचे. एका बशीत दोन, कारण दोघांत एकच स्टँड असतो आणि त्या जोडीला इथे पुल्ट म्हणतात. अशा चार बश्या, एकामागे एक. शेवटची बशी टेबलाच्या पार काठावर आली, कुकरच्या पुढ्यात. "ही आपली," तू म्हणालीस. मी म्हटलं, आपण पडू. तू हसलीस. मी विनोद केला नव्हता, आत्या. मला तेव्हाही भीतीच वाटली होती.

तर ती खुर्ची तिथे आहे. स्टेजच्या उजव्या काठावर, व्हियोलांच्या शेवटच्या पुल्टवर, आतल्या बाजूची. तिच्या डावीकडे माझी खुर्ची, प्रेक्षकांच्या बाजूची. तिच्यामागे ट्रॉम्बोन. माझ्यात आणि ट्रॉम्बोनमध्ये कायम तू होतीस. माझा गज उजवीकडे लांब गेला की त्याचं टोक तुझ्या कोपराला लागायचं आणि तू न बघता कोपर आत घ्यायचीस. आता गज हवेत जातो. काही लागत नाही. त्या न लागण्याने मी दचकते.

आपली भांडणं पुरी झालेली नाहीत, हेही नोंदवून ठेवते. तू गेलीस म्हणून मी माझा मुद्दा सोडलेला नाही. मुद्दा असा की व्हियोला डाव्या खांद्यावर धरतात, त्याचं तोंड वाजवणाऱ्याच्या उजवीकडे होतं. व्हायोलिनवाले स्टेजच्या डावीकडे बसतात, त्यामुळे त्यांच्या वाद्याचं तोंड थेट प्रेक्षकांकडे. आपण उजव्या कडेला बसतो, त्यामुळे आपलं तोंड मागच्या भिंतीकडे. म्हणजे आपण जे काही वाजवतो ते आधी भिंतीला ऐकवतो, मग उरलंसुरलं लोकांना. हे मला कळलं त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. जर्मनमध्ये, एका पानाचं, 'व्हियोलांना मध्ये आणा'. तालमीच्या मधल्या सुट्टीत चर्चच्या त्या सभागृहात, कॉफीच्या थर्मासशेजारी गठ्ठा ठेवला. सगळ्यांनी शांतपणे वाचलं, नीट घडी घातली, आणि कागदाच्या डब्यात टाकलं. फक्त फ्राउ हेगेले, आपल्या विभागाच्या प्रमुख, पहिल्या पुल्टवरून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "युई, व्याकरण छान आहे." पहिल्या दिवसापासून त्या मला जुईऐवजी युई म्हणतात. मीही कंटाळून सोडून दिलं.

त्या दिवशी परत येताना, त्या न संपणाऱ्या पायऱ्या चढताना, तू धापा टाकत विचारलंस की आपला आवाज वेगळा ऐकू गेलाच पाहिजे असं कोणी सांगितलं तुला? मी म्हटलं, ऐकू जायचं नसेल तर वाजवायचं कशाला? तू म्हणालीस, पोळीत मीठ वेगळं लागतं का? मी म्हटलं, मीठ मागणी करू शकत नाही, मी करू शकते. तू थांबलीस, कठडा धरून उभी राहिलीस. मला वाटलं उत्तर शोधते आहेस. आता वाटतं, तुला दम लागला असेल. तेव्हापासूनच? आता अशा प्रत्येक आठवणीत मी आजार शोधत बसते, आणि प्रत्येक आठवणीत तो सापडतोच. त्याचीही भीती वाटते. असंच चाललं तर मागे आजाराशिवाय काही उरणार नाही.

दुसरं भांडण जास्त जुनं. तू इतकी वर्षं शेवटच्या पुल्टवरच का? तुझ्यानंतर आलेले पुढे सरकले. मी सरळ विचारलं होतं, नावामुळे का, रंगामुळे का? तू म्हणालीस की दोनदा विचारलं होतं पुढे ये म्हणून, मीच नाही म्हटलं. मला इतका संताप आला की मी जेवलेच नाही. म्हटलं, हे तर त्याहून वाईट, त्यांनी बसवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

गाड्यांच्या आतला आवाज मोजण्यात तुझं अख्खं नोकरीचं आयुष्य गेलं, म्हणून तू तुझ्या भाषेत समजावलंस. पुढच्यांचा आवाज मागे पोचायला वेळ लागतो. थोडाच, पण लागतो. त्यामुळे मागचा माणूस पुढच्यांचं ऐकून वाजवायला गेला तर उशिराच वाजवणार, आणि कंडक्टरपर्यंत पोचेपर्यंत आणखी उशीर. पुढच्याला ऐकून वाजवता येतं. मागच्याला कान बाजूला ठेवून बघून वाजवावं लागतं, समोरच्या हाताकडे. कान सांगत असतात 'अजून नाही', आणि तरी गज टाकायचा.

"म्हणजे कठीण काम मागच्यांना आणि मान पुढच्यांना," मी म्हटलं. "हेच तर मी पत्रकात लिहिते."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तू म्हणालीस. "लिही की. पण मला तिथंच बसू दे."

मग तू पुण्याचं सांगितलंस. तुझ्या गाण्याच्या बाईंच्या मागे तू तंबोरा घेऊन बसायचीस, किती मैफली बसलीस, पत्रिकेवर कधी नाव नव्हतं. मी म्हटलं, अन्यायच आहे तो. तू म्हणालीस, असेल. पण बाई कधी मागे वळून बघायच्या नाहीत, जुई. त्यांना बघावं लागायचं नाही. पण नाव छापायला काय जात होतं, हा माझा प्रश्न उभा आहे. तो उभाच राहील.

आता पानांचं. हे मी लिहायला घाबरते आहे, म्हणून इतका वेळ चमचे नि भिंती चालल्या होत्या.

पुल्टवरचा नियम काकांसाठी सांगते. दोघांच्या समोर एकच नोटेशन. पान संपत आलं की प्रेक्षकांच्या बाजूचा वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा वाजवणं थांबवून पान उलटतो. म्हणजे मी वाजवायचं, तू उलटायचंस. आवाजात खंड पडू नये म्हणून. जगातला कोणताही ऑर्केस्ट्रा बघा, शेवटच्या ओळीपाशी अर्धे हात खाली येतात आणि अर्धे चालू राहतात. साधी गोष्ट. तुझ्याइतकी वर्षं बसलेल्या माणसाला तर डोळे मिटून जमायला हवी.

पण तू लवकर उलटायचीस. आधीपासूनच जरा घाईची होतीस, शेवटचे चार-दोन सूर राहिलेले असताना पान जायचं. ते मी चालवून घेतलं होतं. गेल्या हिवाळ्यापासून मात्र तू अख्खी ओळ राहिली असतानाच उलटायला लागलीस. मग दोन ओळी. मी वाजवता वाजवता कुजबुजायचे, अगं आहे अजून. तू व्हियोला मांडीवर ठेवून समोर बघत म्हणायचीस, "वर बघ." एवढंच. तालीम संपल्यावर मी चिडून विचारायचे की तुला दिसत नाही का नीट, चष्मा बदल. तू म्हणायचीस, पुढच्या पानावर काय आहे ते आधी कळलेलं बरं असतं.

मला राग कमी आणि भीती जास्त वाटायची. वाटायचं, आत्याचं काहीतरी बिनसतंय. डोळे, नाहीतर डोकं. एकदा काकांनाही म्हटलं. ते वर्तमानपत्रात बघत म्हणाले, ती थकलीय गं. त्यांना तेव्हा माहीत होतं. तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं की मला सांगायचं नाही. याचा मी निषेध करते. जाहीर, लेखी निषेध. एका घरात राहून, एकाच कुकरमधला भात खाऊन, मला तिसऱ्या माणसासारखं बाहेर बसवलंत.

शेवटी हॉस्पिटलमध्ये कळलं तेव्हा बोलायला वेळ होता, तरी मी बोलले नाही. मी तुझ्या खाटेशी बसून काय बोलले? की ट्रॉम्बोनचा दणका अडवायला त्यांच्या पुढे लावायची ती पारदर्शक ढाल अखेर मंजूर झाली, माझ्या दुसऱ्या पत्रकामुळे. तू म्हणालीस, "बघ, जिंकलीस." आणि मग बाल्कनीतल्या कढीपत्त्याला थंडीत आत घ्यायला सांगितलंस. विचारायचं होतं ते, पान लवकर का उलटतेस, ते माझ्या जिभेवर होतं. विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटली.

तू गेल्यानंतरच्या पहिल्या तालमीला मी गेले. दोन्ही खुर्च्या मांडलेल्या होत्या, कोणीतरी सवयीने मांडल्या असणार. मी माझ्या जागी बसले. ढाल आली होती, ट्रॉम्बोनवाल्यांचे चेहरे तिच्यातून वाकडे दिसत होते. रविवारच्या त्या सिम्फनीत, तुला माहीतच आहे, एक जागा आहे जिथे सगळा ऑर्केस्ट्रा एकदम थांबतो. गेनेरालपाउझ. कोणीही वाजवायचं नाही, कोणाचाच आवाज नाही, कंडक्टरचा हात हवेत. त्या शांततेत जो कोणी चुकून एक सूर वाजवेल तो अख्ख्या सभागृहाला एकटा ऐकू जातो. ऑर्केस्ट्रातल्या प्रत्येकाला या एका चुकीची स्वप्नं पडतात. तुझी ती सगळ्यांत आवडती जागा होती. तू म्हणायचीस, इतकी माणसं एकत्र गप्प बसतात असं दुसरीकडे कुठे दिसतं?

आणि तिच्या आधीच, थोड्याच सुरांच्या अंतरावर, पान संपतं.

पान संपत आलं. मी तुझ्या हाताची वाट बघत होते. खरंच सांगते, विसरले होते. हात आला नाही. मग मी घाईने गज त्याच मुठीत धरून पान ओढलं, आणि नोटेशन स्टँडवरून घसरलं. सगळे थांबले, आणि बरोबर त्या शांततेत ते जमिनीवर पडलं. मागोमाग माझा गजही. लाकडी फरशीवर गज पडल्याचा आवाज किती मोठा असतो, ते तू मोजून सांगितलं असतंस.

कोणी हसलं नाही. कोणी वळूनही पाहिलं नाही, आणि ते जास्त भयंकर होतं. कंडक्टर म्हणाले, पुन्हा, मागच्या खुणेच्या अक्षरापासून. पुन्हा वाजवलं, आणि पान यायच्या आधीच मी वाजवणं बंद केलं. पुढचं सगळं मी मांडीवर व्हियोला ठेवून ऐकलं.

सुट्टीत फ्राउ हेगेले आल्या. आल्झो, म्हणाल्या, तर मी विचार केलाय. सात जण उरलोत, म्हणजे एकाला एकटं बसावंच लागणार. हेर बॉयर्लेंची तयारी आहे. ते मागे जातील, तू तिसऱ्या पुल्टवर त्यांच्या जागी ये, शेजारी पान उलटणारं कोणीतरी असेल. आणि मागची एक खुर्ची काढून टाकू. रिकामी खुर्ची स्टेजवर बरी दिसत नाही.

म्हणजे बघ आत्या. मी ज्यासाठी पत्रकं काढली, की मागच्यांना पुढे घ्या, ते मला हातात आणून दिलं. आणि मी घाबरले. कारण मला चित्र दिसलं : मी पुढे सरकले, बॉयर्ले मागे गेले, खुर्ची काढली, आणि झालं. तू बसायचीस ती जागाच राहिली नाही. ऑर्केस्ट्रात भोक पडलेलं दिसत नाही, माणसं सरकतात आणि ते बुजतं. पुढच्या वर्षी नवीन कोणी येईल आणि विचारणारही नाही. मी म्हटलं, मला विचार करू द्या. त्या म्हणाल्या, शनिवारच्या रंगीत तालमीपर्यंत सांग. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "युई, एकटीने मागे बसणं हे शिक्षेसारखं असतं. मला तुला शिक्षा द्यायची नाही."

घरी काकांना सांगितलं. त्यांनी जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

"मग रविवारी मी कुठे बसू?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितलं की ते कायम वरच्या गॅलरीत डाव्या टोकाचं तिकीट काढायचे. खालून तू दिसत नाहीस, पुढच्यांची डोकी मध्ये येतात. वरून त्या टोकावरून व्हियोलांची शेवटची जोडी तेवढी नीट दिसते. रविवारचं तिकीटही तिथलंच काढून ठेवलं आहे, तू असतानाच. "तिथे बसलो तर खुर्ची दिसणार," काका म्हणाले. "दुसरीकडे बसलो तर तू दिसणार नाहीस, जुई. तू पुढे गेलीस तर तिथून बॉयर्ले दिसणार. बॉयर्लेंना मी काय बघू?"

आम्ही दोघं हसलो. तू गेल्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता काका उठून बाल्कनीत गेले आणि कढीपत्त्याशी उगाच काहीतरी करत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते कसल्याशा कागदांसाठी आम्टमध्ये, सरकारी कचेरीत, गेले होते. मी तुझ्या खोलीत तुझा स्टँड लावला. ठरवलं, एकटीला पान उलटणं जमतं का बघू. नाही जमलं तर पुढे जाईन, गुपचूप. चौथ्या पानाच्या शेवटाकडे आले आणि खिडकीतून वारा आला की माझा धक्का लागला कोण जाणे, नोटेशन मिटलं. आणि माझा हात थांबला नाही. गज चालूच राहिला. दोन ओळी, स्वच्छ, न बघता, गेनेरालपाउझच्या आधी पान संपतं तिथपर्यंत.

मी सगळी पानं तपासली. मला मधलं काही येत नाही. कुठल्याच पानाची सुरुवात पाठ नाही, पहिली ओळ झाकून पाहिली तर अडखळते. पण प्रत्येक पानाचा शेवट मला पाठ आहे. कारण तो वाचायला मिळालाच नव्हता. तू उलटून टाकायचीस, आणि मी चिडून, आठवून, समोर कंडक्टरकडे बघत तो वाजवायचे.

मग आणखी एक दिसलं, आणि मी स्टँडपासून मागे सरकले. पानाच्या शेवटाच्या दोन-तीन ओळी आधी व्हियोलांना बहुतेक ठिकाणी थोडी विश्रांती आहे. तू शेवटी शेवटी बरोबर तिथेच उलटायला लागली होतीस. एकटा बसणारा माणूस तिथेच उलटतो. त्याला दुसरा मार्गच नसतो : विश्रांती आली की पान उलटून घ्यायचं आणि मागे राहिलेल्या ओळी पाठ असतील तर वाजवायच्या. तू पान उलटत होतीस ते दोघींच्या पुल्टसारखं नव्हतं. ते एका माणसाच्या पुल्टसारखं होतं. संपूर्ण हिवाळा, माझ्या शेजारी बसून.

मला आनंद झाला असं कोणाला वाटेल. मला धडकीच भरली.

काका आल्यावर त्यांना विचारलं. सरळ विचारलं, आत्याने हे ठरवून केलं का? ते बूट काढत होते. म्हणाले, तिला हात वर करायला त्रास व्हायचा, जानेवारीपासून वरच्या फळीवरचं पीठ मी काढून द्यायचो. म्हणजे विश्रांतीशिवाय तुला हात उचलता येत नसेल. वाजवणं आणि उलटणं एकापाठोपाठ जमत नसेल. एवढंच असेल. मी म्हटलं, हं. मग दुसरा बूट काढून ते म्हणाले, "पण 'जुईला वर बघायची सवय लागतेय', असंही एकदा म्हणाली होती. खुशीत होती त्या दिवशी."

यातलं एक खरं असेल तर तुझा हात दुखत होता आणि मी तुला चष्मा बदल म्हणत होते. दुसरं खरं असेल तर तू माझ्याशेजारी बसून, दर आठवड्याला, तुझ्याशिवायच्या रविवारची तालीम घेत होतीस आणि मला कळू दिलं नाहीस. पहिल्याने मला रडू येतं. दुसऱ्याने मला भीती वाटते, की एखादं माणूस इतकं शांतपणे कसं सरकू शकतं. आणि दोन्ही खरं असेल, तर मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि तुझे आभार मानायचे आहेत, आणि दोन्हीसाठी तू लागतेस.

काल रंगीत तालीम झाली. मी लवकर गेले. मागे एकच खुर्ची मांडली होती, स्टँडसमोर बरोबर मधोमध. मी रचलेल्या ढिगातून दुसरी काढून आणली, उघडली आणि तुझ्या जागी ठेवली. फ्राउ हेगेले व्हियोलाला सूर लावत बघत होत्या. मी त्यांच्याकडे गेले. घरून जर्मनमध्ये मुद्दे लिहून नेले होते, चार मुद्दे, चौथा चांगला कडक होता. त्यांतला एकही म्हटला नाही.

म्हटलं, "मी मागेच बसते. आणि खुर्ची राहू दे."

त्यांनी गज खाली केला. खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पान?"

"मला येतं," मी म्हटलं.

"गूट," त्या म्हणाल्या. "या कार्यक्रमापुरती. मग बोलू." मग त्या काळजीपूर्वक म्हणाल्या, "जुई." बरोबर. पहिल्यांदा. मला वाटतं कधीतरी तू शिकवलं असणार त्यांना.

वाजवायला लागलो. आत्या, मागे एकटीने बसणं किती भयंकर असतं ते तू कधी सांगितलं नाहीस. पुढून सगळे सूर जरा उशिरा येतात, पुरात वाहून आल्यासारखे, आणि आपल्याला त्यांच्या आधी उडी टाकायची असते. मागे ट्रॉम्बोनवाले श्वास घेतात तो ऐकू येतो. ढालीतून जरा दबून येतो, पण येतोच. विश्रांती आली, मी पान उलटलं, आणि समोर असे सूर होते ज्यांची वेळ अजून आली नव्हती. मी वर बघितलं. डोळे फक्त वर. कंडक्टरच्या हाताकडे. राहिलेल्या ओळी बोटांतून निघत गेल्या, कुठून ते माहीत नाही, आणि हात हवेत थांबला तसे सगळे थांबलो. कागद वाजला नाही. गज पडला नाही. इतकी माणसं गप्प होती, आणि माझ्या उजवीकडची शांतता त्यांच्याहून वेगळी नव्हती.

असं प्रत्येक पान उलटताना झालं. म्हणून तुला वाटेल, आता कशाची भीती? सांगते.

आज रविवार आहे. काका इस्त्री करताहेत, स्वतःचा शर्ट आणि माझा काळा. गॅलरीतल्या त्या टोकालाच बसतो म्हणाले. मी त्यांना सांगितलंय, मी गज लांब नेईन तेव्हा त्याचं टोक खुर्चीवर जाईल, तेवढं बघा. व्हियोलाची पेटी दाराशी ठेवली आहे. सगळ्या पानांचे शेवट मी सकाळी पुन्हा झाकून तपासले. सगळे आले, एक सोडून.

शेवटच्या पानाचा शेवट मला पाठ नाही, आत्या. ते पान तू कधी उलटलंच नाहीस. तिथे पुढे दुसरं पान नसतं. दर वेळी आपण दोघी तिथे एकत्र पोचायचो, तूही वाजवत असायचीस, म्हणून मी बिनधास्त बघून वाजवायचे.

आजही बघूनच वाजवीन.